तिसऱ्या चंद्राचे तीन निर्माते

मैत्रेयी आणि निहार, मागच्या रविवारी तुम्ही मला फोनवर जो तुकडा दाखवलात, त्यात उसाच्या फडात उभी असलेली चंदेरी वस्तू म्हणजे अंतराळयान आहे. तुम्हाला ती दुधाची टाकी वाटली, तेही बरोबर आहे. तुम्ही दोघं इतके हसलात की पुढचं बोलणं राहूनच गेलं आणि तिकडे तुमची झोपायची वेळ झाली. मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळंच फार स्पष्ट दिसतं, म्हणून मी तो तुकडा एकटीने पुन्हा पाहिला आणि त्याखाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचलं. एका अभ्यासू गृहस्थांनी लिहिलं आहे की ‘तिसऱ्या चंद्राचे पाहुणे’ ही मालिका शेवटाकडून सुरुवातीकडे जाते, असं धाडस तेव्हा आपल्याकडे कुणी करत नव्हतं, त्या अर्थी तिच्या तिन्ही निर्मात्यांचं शिक्षण परदेशातल्या एखाद्या चित्रपट-विद्यालयात झालेलं असणार. त्या तिघांपैकी आता कुणी हयात नाही. मी गप्प बसले तर हे परदेशी शिक्षण त्यांना कायमचं चिकटेल. त्या तिघांतल्या शकूमावशीला तर ते मुळीच खपलं नसतं. तिला भीमेपलीकडचं पाणीसुद्धा बाधायचं. म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा आम्ही इंदापूरला राहत होतो. दादा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलमध्ये इंग्रजी आणि विज्ञान शिकवत. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, पण त्यात आवाज मोठ्या बंगल्यापेक्षा जास्त. सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि दादांच्या रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या एकाच वेळी सुरू होत. दादा प्रत्येक वाक्य बातमीदाराच्या मागोमाग मोठ्याने म्हणत, उच्चार सुधारावेत म्हणून. आमचे आणि त्या बातमीदाराचेही. जेवताना इंग्रजीतच बोलायचं असा त्यांनी एकदा नियम काढला. आईने शांतपणे जाहीर केलं की इंग्रजीत मागणाऱ्याला कालवण मिळणार नाही. त्या दिवशी रविवार होता, विहारातली वंदना आटोपून आलो होतो आणि चुलीवर उजनी धरणातल्या ताज्या चिलापी माशांचं कालवण रटरटत होतं. नियम तिथंच संपला. तरीही मी इंग्रजी घेऊनच बी.ए. झाले, रोज एसटीने बारामतीला जाऊन. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी एक गोष्ट लिहिली: तीन चंद्र असलेला एक दूरचा ग्रह, त्याच्या तिसऱ्या चंद्रावरची माणसं आपल्याकडे येतात, त्यांना तोंडच नसतं, ती उजेड पिऊन जगतात. दादांनी आधी त्यातलं विज्ञान लाल शाईने तपासलं आणि मग घरी येईल त्याला ती वाचून दाखवायला सुरुवात केली. दूधवाला, टपालवाला, कुणी सुटलं नाही. त्यातच एका संध्याकाळी गुलाबराव सापडले.

गुलाबरावांचा फिरता सिनेमा होता. जत्रांच्या हंगामात तालुक्यातल्या गावागावांत त्यांचा तंबू लागायचा. मध्ये पडदा, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मागे मशीनपाशी स्वतः गुलाबराव, खांद्यावर पिवळा टॉवेल टाकून. सिनेमा ते कधी पाहत नसत, सिनेमा पाहणारे लोक पाहत. ‘पडदा काय, रोज तोच,’ म्हणायचे. पण आता गावोगावी टीव्ही आला होता. इंदापूरच्या बाजारतळावर, जिथं त्यांचा तंबू लागायचा, नेमका तिथंच नगरपालिकेने खांबावर कुलपाच्या पेटीत टीव्ही बसवला होता. त्या वर्षी जत्रेत तंबूत गुलाबराव, त्यांचा मदतनीस आणि पावसात वाट चुकल्यासारखी चार माणसं होती. दादांनी गोष्ट वाचून संपवली तेव्हा गुलाबराव टॉवेलचं टोक पिळत म्हणाले:

“गुरुजी, ही गोष्ट मला द्या.”

“कशाला? तंबूत वाचून दाखवणार?”

“तंबू गेला. ज्या डब्यानं माझा तंबू खाल्ला, त्या डब्यात आता मी शिरणार हाय. बाहेरच्या लोकांनी केलेल्या मालिका टीव्हीवाले घेत्यात म्हणं. बाजारतळावर, माझ्याच जागंवर, त्या खांबावर माझं नाव लागलं पायजे. मग मी मोकळा.”

दादांना वाटलं, चेष्टा चालली आहे. पण पुढच्या आठवड्यात गुलाबराव आपलं मशीन देऊन टाकून आले आणि त्याच्या बदल्यात कॅमेरा आणि तो चालवणारा पुण्याचा एक अबोल गृहस्थ अख्ख्या हंगामासाठी ठरवून आले. मशीन गेलं म्हणजे परतीची वाट गेली. आता मालिका पास झाली नाही तर गुलाबराव ना तंबूतले, ना डब्यातले. हे कळल्यावर आमच्या घरात त्या गोष्टीची चेष्टा बंद झाली. आईने तर मला बजावलं, “नंदा, नीट लिही गं. माणूस त्यावर बसलाय.”

एकट्याने हे होणार नव्हतं, म्हणून गुलाबरावांनी दोन भागीदार शोधले. आता फोनवरच्या त्या विद्वान गृहस्थांनी लक्ष देऊन वाचावं. पहिले भागीदार सोपानतात्या, सोमेश्वरनगरकडचे ऊसतोडीचे मुकादम. दर साल लांबून तोडणीच्या टोळ्या आणायच्या, त्यांच्यासाठी पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या करायच्या, पहाटे शिट्टी मारून सगळ्यांना उठवायचं, हा त्यांचा उभा जन्म. शिट्टी कायम गळ्यात. दुसरी भागीदार शकूमावशी, बारामतीत आमच्या कॉलेजच्या मागे खानावळ चालवायची. मीही तिच्याकडेच जेवायची. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि ताटात काही टाकलं तर उठू द्यायची नाही. तिघांनीही उभ्या आयुष्यात मालिका म्हणून काही पाहिलेलं नव्हतं. तिघांच्या मते त्यात अवघड असं काही नव्हतं.

पहिली बैठक खानावळीत झाली. मी कथा समजावून सांगितली. तात्यांनी एकच प्रश्न विचारला.

“पाव्हण्याच्या पार्टाला किती कोयते लागतील?”

मला कळेना. गुलाबरावांनी सांगितलं की तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी म्हटलं, “तात्या, कोयते नकोत. पाहुणे आठ आहेत, सगळे पुरुष. शास्त्रज्ञ आहेत ते.”

“एकटा गडी आमच्याकडं मिळत न्हाय. चार कोयते घ्या, आठ माणसं हुत्यात. बायका काय शास्त्रज्ञ नसत्यात व्हय?”

अशा रीतीने तिसऱ्या चंद्रावरून चार जोडपी आली. विद्वान गृहस्थांनी यावरही लिहिलं आहे, की स्त्री-पुरुष समानतेची ती कल्पना काळाच्या पुढे होती. असेल. मग मी सांगितलं की पाहुण्यांना तोंड नसतं. शकूमावशीने हातातली पळी खाली ठेवली.

“मग जेवत्यात कशानं?”

“जेवत नाहीत. उजेड पितात.”

“माझं नाव लागणार ना त्या टीव्हीवर? आन माझ्या दारातनं पाव्हणा उजेड पिऊन जाणार? शोभतंय का गं तुला? माझंच खाऊन शिकलीस ना?”

तडजोड अशी झाली की पाहुण्यांच्या तोंडावर खानावळीतल्या पिठाच्या चाळण्या बांधायच्या, म्हणजे तोंड दिसणार नाही. आणि प्रत्येक भागात जेवायच्या वेळी चाळण वर करायची. दादांनी त्यावर लाल शाईने लिहिलं, ‘पचनसंस्था?’ मावशीने ते मला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, “गुरुजींना म्हणावं, एक दिवस येऊन जेवा, मग विचारा.”

काटेवाडीच्या एका गोठ्यावरून दुधाची जुनी स्टीलची टाकी आली, तिला खाली तीन पाय आणि वर पत्र्याचं शेपूट लावलं की यान तयार. कपडे चहाच्या पेट्यांतल्या चंदेरी कागदाचे. सकाळची तोड संपून गाड्या कारखान्याकडे गेल्या की दुपारी शूटिंग. पहिला भाग, पाहुण्यांच्या आगमनाचा, आम्ही हंगामाच्या सुरुवातीला केला, आणि तो किती वाईट होता हे तुम्हाला सांगूनही खरं वाटणार नाही. यान उतरताना ट्रॉलीवरून घरंगळलं. कॅमेऱ्यात माणसं गळ्याखालीच आली. तात्यांना सवय शिट्टीची. त्यांनी शिट्टी फुंकल्याबरोबर चारी जोडपी यानातून उतरायचं सोडून कोयते शोधायला धावली. ती शिट्टी अजून त्या भागात ऐकू येते. पण हंगाम पुढे गेला तसे सगळेच शिकले. चाळणीआडून नुसत्या मानेने बोलायचं कसं, हे त्या बायांनी मला दाखवलं. शेवटचा भाग निरोपाचा. तो आम्ही मुद्दाम हंगाम संपला त्या दिवशी ठेवला. कोप्या मोडल्या होत्या, संसार गाड्यांवर चढला होता, बैलांच्या शिंगांना गोंडे होते. निरोपाला रडायचं असतं हे कुणाला सांगावं लागलं नाही. चाळण्यांच्या आत खरोखर रडले सगळे. जिनं पाहुण्यांच्या प्रमुखाचं काम केलं होतं ती बाई टाकीवर हात ठेवून मागे वळून बघते, तिथं कॅमेरावाल्या अबोल गृहस्थांनीही नाक ओढलं. हा एकच भाग मला आजही जसाच्या तसा आवडतो.

टीव्हीच्या केंद्रावर दाखवायला सगळे भाग मोठमोठ्या कॅसेटींवर तयार झाले. मला शिस्त प्यारी. तुमच्या आईला विचारा, माझ्याकडे डाळींच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात. मी प्रत्येक कॅसेटीवर क्रमांकाची चिठ्ठी लावली, शकूमावशीने केलेल्या कणकेच्या खळीने. गुलाबराव हसले. त्यांनी कॅसेटी आपल्या जुन्या रिळांच्या लाकडी पेटीत भरल्या, पहिला भाग तळाशी, शेवटचा वर. त्या पेटीला दोन्हीकडून झाकण होतं. फिरत्या सिनेमाच्या धंद्यात एकच सिनेमा दोन गावांत चालायचा. एका तंबूत रीळ संपलं की पेटीत पडायचं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. पेटी भरली की सायकलवरून दुसऱ्या गावी. तिथला माणूस ती पेटी उलटी करायचा आणि मग उघडायचा, म्हणजे पहिलं रीळ आपोआप हाताला यायचं. अंधारात चिठ्ठी वाचायची गरजच नाही. “पेटीच नंबर सांगती, नंदाताई,” गुलाबराव म्हणाले. आता मला सांगा, मुंबईच्या टीव्ही केंद्रातल्या माणसाला पेटी उलटी करून उघडायची हे कसं ठाऊक असणार? हा विचार गुलाबरावांच्या मनात आला नाही, कारण पेटी सुलटी उघडणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता.

आम्ही चौघं पेटी घेऊन एसटीने मुंबईला गेलो. केंद्रावर एका शिपायाने आम्हाला बाकावर बसवलं आणि बाकाखाली ठेवलेली पेटी थोड्या वेळाने आत नेली. निर्मात्यांना आत जायला परवानगी नव्हती. दार लाकडी होतं, पण फार जाड नव्हतं. थोड्या वेळाने आतून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि मागोमाग रडणं.

गुलाबराव ताडकन उभे राहिले. “हा तर शेवट हाय!”

“माझ्या चिठ्ठ्या होत्या ना!” मी म्हणाले, आणि पाहिलं तर पेटी आधी ठेवली होती तिथं, बाकाखाली, तिच्या फटीतून गळलेल्या माझ्या चिठ्ठ्या पानगळ झाल्यासारख्या पडल्या होत्या. एसटीच्या टपावरच्या उन्हाने खळ सुकून गेली होती. मी दार वाजवायला निघाले. गुलाबरावांनी माझा हात धरला.

“बस खाली. चालू मशीन थांबवायचं न्हाय. एकदा थांबवलं की माणसं उठत्यात. उठलेली परत बसत न्हाईत.”

“अहो, पण उलटं चाललंय सगळं!”

“चालू दे की. तात्या, ती शिट्टी सदऱ्याच्या आत घाला आधी, चुकून वाजंल.”

मग आम्ही सगळी दुपार त्या बाकावर बसून आपली मालिका दारातून उलटी ऐकली. आधी पाहुणे गेले, मग गावाला सवय झाली, मग ओळख झाली. गुलाबराव एकदाही बसले नाहीत. दाराकडे पाठ करून ते शिपायाचं तोंड न्याहाळत होते, जणू आतला प्रेक्षक बाहेरच्या शिपायाच्या चेहऱ्यावर दिसणार होता. शकूमावशीने गाठोडं सोडून दशम्या काढल्या आणि शिपायाला दिल्या. आत किती माणसं आहेत ते विचारून तेवढ्या आत पाठवल्या. शेवटी आतून तात्यांची शिट्टी ऐकू आली, पहिल्या भागातली, आणि तात्यांनी सवयीने उठून आजूबाजूला पाहिलं. मग शांतता. गुलाबरावांनी टॉवेलने तोंड पुसलं. “गेलं,” एवढंच म्हणाले.

दार उघडून एक बाई बाहेर आल्या. पांढरी कॉटनची साडी, नाकावर चष्मा, चेहरा कडक, पण डोळे लाल. त्यांनी आम्हा चौघांकडे पाहिलं.

“निरोपाने सुरुवात करायची, ही कल्पना कुणाची?”

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्या पायावर पाय दिला. गुलाबराव हात जोडून म्हणाले, “धंद्यातली रीत हाय, बाई.” हे शब्दशः खरं होतं.

“विलक्षण आहे. कोण आलं होतं, का आलं होतं, काही माहीत नसताना रडू येतं. मग आपण मागे मागे जात शोधत राहतो. आणि जसजसं मागे जावं, तसतसं चित्रही ओबडधोबड होत जातं. आठवण पुसट व्हावी तसं. ते मुद्दाम केलंत ना?”

“लई मेहनत घेतली,” तात्या म्हणाले.

“आपण यापूर्वी काय करत होता?”

“मी गावोगाव सिनेमा न्यायचो.”

“वितरण,” बाईंनी मान डोलावली.

“मी माणसं पुरवतो. उठवतो, बशिवतो, न्हेतो, आणतो.”

“निर्मिती-व्यवस्था. आणि आपण?”

“मी जेवू घालते,” शकूमावशी म्हणाली.

याला बाईंना शब्द सापडला नाही. त्या म्हणाल्या, “हो, दशमी फार सुरेख होती. मालिका आम्ही घेतोय. क्रम मात्र असाच राहील, एकही भाग इकडचा तिकडे करायचा नाही. आणि एक सूचना. प्रत्येक भागात ते लोक जेवतात. त्यातली एखाद-दोन जेवणं काढली तर?”

गुलाबरावांनी मावशीकडे पाहिलं. त्या नजरेत अख्खा तंबू होता. हो म्हण, एवढंच ते म्हणत होते. मावशीने गाठोड्याची गाठ मारली.

“काढा की. पण कुठल्या पाव्हण्याला उपाशी धाडायचं, ते तुमी सोता त्याला सांगायचं. मी न्हाय सांगणार. आन तुमी दशमी खाल्लीय, हे ध्यानात ठिवा.”

मग बाई हसल्या. “राहू द्या,” म्हणाल्या. गुलाबराव जिना कठड्याला दोन्ही हातांनी धरून उतरले.

मालिका लागली त्या संध्याकाळी बाजारतळावर जत्रेइतकी माणसं जमली. आपोआप बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसले, पडदा नव्हता तरी. आमच्यासाठी आधीच जागा धरली होती, पण गुलाबराव बसायला तयार होईनात. खांबावर पेटीचं कुलूप उघडलं, टीव्ही लागला, आणि ते जाऊन खांबाला टेकून टीव्हीच्या खाली उभे राहिले, लोकांकडे तोंड करून. नावं आली. ‘निर्माते’ असा शब्द आला आणि त्याखाली पहिलं नाव त्यांचं. आम्ही सगळे ओरडलो, “गुलाबराव, वर बघा! वर बघा की!” त्यांनी वर पाहिलं नाही. ते लोकांच्या तोंडांवर पडलेला निळा उजेड पाहत होते, खांद्यावरचा टॉवेल सारखा करत. स्वतःचं नाव त्यांनी पुढेही कधी पाहिलं नाही. पडदा काय, रोज तोच.

माझ्या मागे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

“कोण चाललंय गं?”

“पाव्हणे.”

“आले कवा हुते?”

“ते पुढं कळंल म्हणं.”

दादांनी ती मालिका शेवटपर्यंत पाहिली आणि शेवटपर्यंत कुरकुरले, की कारण आधी असतं आणि परिणाम नंतर, हे विज्ञानाचं पहिलं पाऊल आहे. पण शेवटच्या आठवड्यात, म्हणजे आमच्या पहिल्या भागात, यान ट्रॉलीवरून घरंगळत उसात आलं आणि गळ्यापर्यंतच दिसणारी चार जोडपी खाली उतरली, तेव्हा त्या म्हाताऱ्यांपैकी एकीने टाळ्या वाजवल्या. “आले बाई परत!” मग सगळा बाजारतळ टाळ्या वाजवू लागला. मी दादांकडे पाहिलं. तेही वाजवत होते.

त्या तिघांनी पुन्हा मालिका केली नाही. तात्या पुढच्या हंगामाला टोळ्या आणायला गेले, मावशी खानावळीत, आणि गुलाबराव त्या खांबाशेजारी पानसुपारीचं दुकान टाकून बसले, टीव्हीकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. मी पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. विद्यार्थ्यांनी निबंध शेवटापासून सुरू केला तर मी मार्क कापत असे.

मालिकेच्या कॅसेटींचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. तुम्ही पाहिलेला तुकडा तेवढा उरला आहे. पिठाच्या चाळण्यांपैकी एक माझ्या स्वयंपाकघरात आहे. यान पिंपळीला एका शेतात पाण्यासाठी ठेवलेलं आहे. शेपूट गेलं, पाय गेले, पण टाकी अजून गळत नाही. आणि गुलाबरावांची पेटी माझ्या पलंगाखाली आहे. तुम्ही याल तेव्हासाठी तुमच्या गोधड्या मी तिच्यात ठेवल्या आहेत. उघडताना आधी उलटी करायची.